पाचशे माणसांचे सरकार : मेंढा (लेखा) ग्रामसभेची वाटचाल

सरकारी कागदात गावाचे नाव मेंढा (लेखा) असे लिहितात. लेखा हे शेजारचे गाव. पूर्व विदर्भात मेंढा नावाची गावे आणखीही आहेत, तेव्हा चुकामूक नको म्हणून शेजाऱ्याचे नाव कंसात आले. ग्रामसभा उभी राहिली त्या काळात मेंढ्याला स्वतःची ग्रामपंचायतही नव्हती. पंचायत लेख्याची, गटग्रामपंचायत, आणि मेंढा तिच्यातले एक लहानसे गाव. विकासाचा पैसा आला तर तो आधी लेख्याला यायचा. ठराव तिथे व्हायचे, ग्रामसेवक तिथे बसायचा. मेंढ्याच्या वाट्याला एखाददुसरा सदस्य आणि बरीचशी वाट पाहणे.

गाव गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यात, कठाणी नदीच्या खोऱ्यात आहे. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणारी सडक धरली की तीसेक किलोमीटरवर, धानोऱ्याच्या थोडे अलीकडे. सगळी घरे गोंडांची. घरात गोंडी, बाजारात आणि कचेरीत मराठी. पावसाळ्यात भाताची शेती, उरलेल्या वर्षात जंगल : मोहफुले, टोळ, चारोळी, हिरडा, आवळा, डिंक, मध आणि बांबू. लोकसंख्या गेल्या साडेतीन दशकांत चारशे ते पाचशेच्या मध्ये राहिली आहे. घरे शंभराच्या आतबाहेर. एका आंब्याखाली सगळे गाव बसू शकते, आणि मागे बसलेल्यालाही पुढच्याचे बोलणे ऐकू येते. या ग्रामसभेचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण जंगलापासून सुरुवात करतात. मला वाटते ती माणसांच्या या संख्येपासून करावी.

राज्याच्या हिशेबात लहान गाव ही एक अडचण असते. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे १० लाख ७३ हजार भरली, म्हणजे दर चौरस किलोमीटरला ७४ माणसे. महसुली गावे मात्र दीड हजारांहून जास्त. सरासरी काढली तर गावागणिक सहाशेच्या आसपास माणसे येतात. मग स्वतंत्र ग्रामपंचायतीसाठी लागणारी किमान लोकसंख्या भरत नाही, म्हणून तीन-चार गावे आणि त्यांचे टोले एकत्र बांधून पंचायत केली जाते. कागदावर हे सोयीचे आहे. पण अशा पंचायतीच्या ग्रामसभेला जायचे तर बाईने घरचे काम टाकून, लेकरू कडेवर घेऊन दुसऱ्या गावी चालत जायचे, आणि तिथे जाऊन ओळख नसलेल्या पुरुषांपुढे बोलायचे. ती जात नाही. तिचा नवराही जात नाही. कोरम भरला नाही की तहकूब सभा भरते, आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही. अशा सभांची इतिवृत्ते व्यवस्थित असतात.

मेंढ्याने या व्यवस्थेशी भांडण काढले नाही. त्यांनी आपली सभा गावातच भरवायला सुरुवात केली, एवढेच.

तिथवर येण्याआधी जंगलाचे थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्याच्यापायी घडले. हा मुलूख जुन्या चांदा जिल्ह्यातला, जमीनदाऱ्यांचा. जंगल जमीनदाराचे म्हटले जायचे, पण सरपण, घराला लाकूड, कुंपणाला काटे, गुरांना चारा आणि पोटाला कंदफळ यांसाठी गावाला मोकळीक होती. त्यालाच निस्तार म्हणत आणि त्याच्या नोंदी होत्या. १९५० च्या कायद्याने जमीनदाऱ्या संपल्या. त्या वेळी हा भाग मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. राज्ये बदलली तसे दप्तरही हलले. जंगल वनखात्याचे झाले, निस्ताराच्या नोंदी पेटीत राहिल्या, आणि गावकरी ज्या जंगलात आजोबांच्या काळापासून जात होते तिथे गार्डाला काहीतरी देऊन जाऊ लागले. कोंबडी, पायली-दोन पायली तांदूळ, कधी रोख. याच काळात जंगलातला बांबू कागद कारखान्याला सवलतीच्या दराने लांब मुदतीच्या कराराने दिला गेला. कारखान्याचे मजूर बांबू तोडत होते आणि ज्याच्या दाराशी बांबू उगवला त्याने टोपलीसाठी चार काठ्या आणल्या तर गुन्हा दाखल होत होता. हा विरोधाभास कोणालाही दिसेल असा होता, पण तो बोलून दाखवायला गावाला जागा हवी होती.

ती जागा आधी बाहेर मिळाली. गोदावरीवर इंचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टणम अशी दोन धरणे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आखली गेली. ती झाली असती तर महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि आंध्र यांच्या सीमेवरचे प्रचंड जंगल आणि शेकडो आदिवासी गावे पाण्याखाली गेली असती. त्याविरुद्ध जंगल बचाव-मानव बचाव आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे आणि पानाबरसचे आदिवासी नेते लालश्याम शाह त्यात पुढे होते. मेंढ्यातली तरुण मंडळी मोर्च्यांना गेली. देवाजी तोफा त्यांपैकी एक. धरणे मागे पडली. आंदोलने जिंकली की कार्यकर्ते घरी जातात असा आपला अनुभव आहे. इथे तरुण घरी आले आणि त्यांनी गावात विचारायला सुरुवात केली की धरणाचा निर्णय दिल्लीत होतो हे ठीक, पण आमच्या नाल्याचा, आमच्या मोहाचा निर्णय कुठे होतो?

त्याच सुमारास मोहन हिराबाई हिरालाल यांची वृक्षमित्र ही संस्था चंद्रपूर-गडचिरोलीत काम करत होती. मोहनभाऊ जयप्रकाशांच्या छात्र युवा संघर्ष वाहिनीतून आलेले, विनोबांचे वाचन पक्के, आणि आईचे नाव वडिलांच्या आधी लावणारे. ज्या गावातले निर्णय सगळे मिळून घेतात असे एखादे गाव अभ्यासासाठी ते शोधत होते. १९८० च्या दशकाच्या शेवटी हा शोध मेंढ्यात थांबला. या भेटीबद्दल एक गोष्ट आवर्जून नोंदवायला हवी. वृक्षमित्रने गावात प्रकल्प आणला नाही. ना कचेरी टाकली, ना पगारी माणूस नेमला, ना निधी वाटला. त्यांनी अभ्यास गट सुरू केला. संध्याकाळी काही जण बसणार, एखादा विषय घेणार : वनकायदा काय म्हणतो, निस्तार पत्रक कुठे मिळते, बांबूचा दर कोण ठरवते. बोलायला कोणीही यावे, बाहेरच्या जाणकारालाही बोलवावे, वाद घालावा. पण अभ्यास गटाने निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत.

अभ्यास आणि निर्णय यांची ही फारकत हा मेंढ्याचा सर्वांत मोठा शोध आहे असे माझे मत आहे. आपल्याकडे ज्याला माहिती असते तोच निर्णय घेऊन टाकतो आणि मग इतरांना पटवत बसतो. सरपंच असो, साखर कारखान्याचा अध्यक्ष असो की साहित्य संस्थेचा कार्यवाह, रीत एकच. इथे माहिती असलेल्याने ती गटात ठेवायची आणि सभेत इतरांसारखेच जमिनीवर बसायचे. देवाजीभाऊंना भेटायला आलेल्या पत्रकारांना आणि अधिकाऱ्यांना अनेकदा एकच उत्तर मिळत आले आहे : ग्रामसभेला विचारा.

दुसरा नियम सर्वसहमतीचा. मतदान नाही. एकाचाही विरोध असेल तर निर्णय पुढच्या बैठकीवर. शहरी वाचकाला हे ऐकून धडकी भरते. एवढ्याने कामे होतील कशी? तर उशिरा होतात. पण चारशे माणसांच्या गावात एकावन्न टक्क्यांनी एकोणपन्नास टक्क्यांना हरवले तर दुसऱ्या दिवशी त्याच एकोणपन्नास टक्क्यांबरोबर धान रोवायचे असते, लग्नात जेवायचे असते, मयताला खांदा द्यायचा असतो. सगळे एकमेकांचे सोयरे. पाच वर्षांनी एकदा येणाऱ्या पंचायत निवडणुकीने शेजारपाजारच्या गावांत जे गट पाडले ते इथल्या लोकांनी पाहिले होते. शिवाय बहुमताने केलेला नियम हरलेले लोक पाळत नाहीत. सगळ्यांनी मिळून केलेला मोडायला अवघड जातो. जंगलात राखणीला गार्ड नसतो, गावकरीच असतो, हे लक्षात घेतले की या हट्टाचा व्यवहार समजतो. सभेला प्रत्येक घरातून निदान एक पुरुष आणि एक बाई यावी अशी अपेक्षा. बायका आधी मागे बसत, मग बोलू लागल्या. पुढे काही विषय असे आले की त्याच पुढे होत्या आणि पुरुष खाली मान घालून.

दारू हा त्यांतला पहिला. मोहाची दारू गोंडांच्या देवकार्यात लागते, जन्माला लागते, मृत्यूलाही लागते. तेव्हा बाहेरून आलेल्या सुधारकाने दारू वाईट असे सांगून इथे काही भागले नसते. बायकांनी प्रश्न मांडला तो मारहाणीचा आणि घरातून जाणाऱ्या पैशाचा. देवाच्या दारूचे काय, पाहुण्याचे काय, काढणाऱ्याच्या पोटाचे काय, असे फाटे फुटत गेले. हा निर्णय एका बैठकीत झालेला नाही. विषय पुन्हा पुन्हा निघाला आणि पुन्हा पुन्हा पुढे गेला. शेवटी बंदी झाली ती सगळ्यांच्या संमतीने, आणि म्हणून गावात दारूसाठी पोलिस बोलवायची वेळ आली नाही. पुढे १९९३ मध्ये संपूर्ण गडचिरोली जिल्ह्यात सरकारी दारूबंदी लागू झाली. तिचे जिल्हाभर काय झाले हे जिल्ह्यात कुठेही विचारावे.

दुसरा विषय घोटुलाचा. गोंड मुलामुलींनी एकत्र जमून गाणे, नाचणे, काम आणि रीतभात शिकण्याची ही जागा बाहेरच्यांच्या टवाळीमुळे बऱ्याच गावांतून लोपली होती. मेंढ्याने ती पुन्हा बांधायची ठरवली आणि जंगलातून सागाचे खांब आणले. परंपरेने घोटुलाला सागच लागतो. निस्तारात तो बसत नाही असे वनखात्याचे म्हणणे. खात्याने घोटुल उतरवून लाकूड जप्त केले. ग्रामसभेने तो पुन्हा उभारला आणि आसपासच्या गावांनीही आपापले घोटुल बांधायला काढले. खाते एका गावाचे लाकूड नेऊ शकत होते, इतक्यांचे नेणे जमण्यासारखे नव्हते. मला या प्रसंगात एक गोष्ट लक्षणीय वाटते. पहिली ठिणगी उपजीविकेवरून पडली नाही. बांबूवरून, चाऱ्यावरून पडेल असे आपण धरून चालतो, आणि ती पडली मुलांनी नाचण्याच्या जागेवरून.

याच वर्षांत एक घोषणा गावाच्या तोंडी बसली आणि पुढे तिच्या पाट्या झाल्या. गोंडीत : दिल्ली-मुंबई मावा सरकार, मावा नाटे माटे सरकार. मराठीत : दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे सरकार नको म्हणणारी बंदूकही जंगलात होती, तिथे ही ओळ मुद्दाम नीट वाचली पाहिजे. तिच्या पहिल्या अर्ध्या भागात दिल्ली-मुंबईच्या सरकारलाही आपले म्हटले आहे. पण तेव्हाच्या अनेक अधिकाऱ्यांनी फक्त दुसरा अर्धा भाग वाचला आणि ते बिथरले.

ग्रामसभेने जंगलाचे नियम केले तेव्हा तिच्या हाती कायद्याचा एक कागदही नव्हता. लागेल तेवढेच लाकूड आणायचे, आणि तेही सभेला सांगून. कागद कारखान्याचा असो की खात्याचा, ठेकेदार जंगलात यायचा तर आधी सभेत यायचे. आग लागली तर सगळ्यांनी धावायचे. पाळीने राखण. मधाची पोळी जाळून माश्या मारण्याची सवय सोडून मधाचा भाग तेवढा कापून घ्यायचा, म्हणजे पोळे पुन्हा भरते. १९९२ मध्ये राज्यात संयुक्त वनव्यवस्थापनाची योजना आली तेव्हा मेंढ्याने अर्ज केला. योजना होती उजाड जंगलांसाठी. मेंढ्याचे जंगल दाट, म्हणून ते बसेना! ज्यांनी जंगल राखले त्यांना राखण्याच्या योजनेत जागा नाही, असा तो न्याय. बराच पत्रव्यवहार करून आणि चिकाटीने मागे लागून गाव अखेर योजनेत घेतले गेले.

नव्वदच्या दशकात दोन मोठे कायदेबदल झाले. १९९३ पासून त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभा हा शब्द राज्यघटनेत बसला. १९९६ मध्ये अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पेसा कायदा आला. त्याने वस्ती, पाडा, टोला यांनाही गाव मानण्याची वाट मोकळी केली. महाराष्ट्राने त्याचे नियम केले २०१४ मध्ये. अठरा वर्षे लागली. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

खरा फरक पडला तो डिसेंबर २००६ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या वनहक्क कायद्याने. १ जानेवारी २००८ पासून त्याचे नियम लागू झाले. या कायद्याची चर्चा बहुतेक ठिकाणी वैयक्तिक जमिनीच्या पट्ट्यांपुरती झाली. मेंढ्याचे लक्ष दुसऱ्या कलमावर होते : गाव ज्या जंगलाचे पूर्वापार रक्षण करत आले आहे त्याचे रक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन करण्याचा सामूहिक हक्क. दावा करायचा ग्रामसभेने, आणि ग्रामसभा म्हणजे त्या गावातले सगळे प्रौढ. आता कोरमला निम्मे सभासद लागतात आणि हजरांत एक तृतीयांश बायका. गटपंचायतीची सभा या अटीला कधी पुरी पडली नसती. मेंढ्याची सभा वीस वर्षे त्याहून कडक नियमाने भरत होती. पुरावे मागितले तेव्हा निस्ताराच्या जुन्या नोंदी होत्या, इतिवृत्ते होती, जंगलाची माहिती होती. अभ्यास गटाच्या संध्याकाळी इथे कामी आल्या.

२००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मेंढ्याच्या ग्रामसभेला मिळाला. गडचिरोलीतलेच मर्दा हे गाव आणि मेंढा, असा हक्क मिळवणारी ही देशातली पहिली गावे. माणशी हिशेब केला तर साडेतीन हेक्टरांहून अधिक जंगल एकेकाच्या वाट्याला येते, पण ते कोणाच्याच नावावर नाही. विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, वाटून घेता येत नाही.

हक्क मिळाला, बांबू मात्र मिळाला नाही. वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज म्हणून स्पष्ट लिहिलेला आहे. १९२७ च्या वनकायद्यात तो तेव्हा झाडांत मोडत होता. खात्याने जुना कायदा धरला. गावाने बांबू तोडावा, पण तो वाहून नेण्याचा परवाना, म्हणजे टीपी, खाते देणार नाही. जंगलातला बांबू गावाचा आणि सडकेवर आला की चोरीचा. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू गवत आहे हे शाळेतल्या मुलालाही माहीत, पण शास्त्राने टीपी मिळत नाही. गाव अडून बसले, देशभरातली वर्तमानपत्रे येऊन गेली. मार्च २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू हा गौण वनोपज मानावा असे कळवले. २७ एप्रिल २०११ रोजी ते मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्यासह मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. पुस्तक साधेच, पावतीबुकासारखे. पण टीपीवर सही कोणाची, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी बदलले. सही आता ग्रामसभेची. वनकायद्यातली बांबूची व्याख्या पुढे २०१७ मध्ये दुरुस्त झाली, तीही जंगलाबाहेरच्या बांबूपुरती.

त्यानंतरच्या हंगामांत मेंढ्याने बांबू विकला तो निविदा मागवून. कोणत्या रांजीतला, म्हणजे बांबूच्या बेटातला, किती तोडायचा, कोवळा किती ठेवायचा, वास्ते, म्हणजे कोंब, केव्हा काढायचे नाहीत, हे सभेत ठरले. तोड गावकऱ्यांनी केली, मजुरी ग्रामसभेने दिली, आणि कारखान्याच्या काळात मिळायची त्याहून बरी दिली. उलाढाल लाखांवरून कोटीच्या घरात गेली. मग गावाने पॅन कार्ड काढले, बँकेत खाते उघडले, हिशेब तपासनीस नेमला. मजुरीतला ठरलेला भाग ग्रामकोषात टाकायची रीत आधीपासून होती, तीच मोठ्या आकड्यांना लावली. रोजगार हमीची कामेही ग्रामसभेकडे थेट आली. पैसा आल्यावर संस्था बिघडतात हा आपला सार्वत्रिक अनुभव. इथे धोका कमी झाला तो खर्च सगळ्यांसमोर वाचून दाखवण्याच्या सवयीमुळे. वाचून दाखवायला श्रोते किती? घरागणिक दोन धरले तर दोनशे. हे जमते, कारण गाव तेवढेच आहे. पाच हजार वस्तीच्या गावाने हे जसेच्या तसे उचलू नये. त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत वाटून घ्यावे लागेल.

२०१३ मध्ये मेंढ्याने जे केले ते मात्र जंगलापेक्षाही अनपेक्षित होते. गावाने ग्रामदान केले. पोचमपल्लीला १८ एप्रिल १९५१ रोजी भूदान सुरू झाले, त्याचीच पुढची पायरी ग्रामदान. महाराष्ट्राने १९६४ मध्ये त्यासाठी कायदाही केला. सत्तरच्या दशकात ही चळवळ ओसरली आणि राज्यात मोजकी ग्रामदानी गावे उरली. कायदा पुस्तकात राहिला, कोणी तो उघडून पाहीना. मेंढ्याने तो बाहेर काढला. विनोबांच्या सुलभ ग्रामदानाचा आराखडा असा : जमिनीची मालकी गावाच्या नावे होते, कसण्याचा आणि वारसाचा हक्क शेतकऱ्याकडेच राहतो, विसावा भाग भूमिहीनांसाठी निघतो, उत्पन्नाचा चाळिसावा भाग ग्रामकोषात जातो, आणि गावाच्या संमतीशिवाय बाहेरच्याला जमीन विकता येत नाही. ज्या दशकात सगळा महाराष्ट्र सातबारा हाती घेऊन एनए करायला धावत होता, त्या दशकात या गावातल्या खातेदारांनी आपला सातबारा ग्रामसभेच्या हवाली करायला सह्या केल्या. सगळ्यांनी. एकाची नसती तर ठरावच झाला नसता.

याची अतिशयोक्ती करू नये. सडकेच्या कडेची जमीन बाहेरचे लोक विकत घेऊ लागले की आदिवासी गावाचे काय होते हे इथल्या लोकांनी जिल्ह्यात पाहिले आहे. ग्रामदानात त्यागापेक्षा शहाणपण अधिक आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. अडचणी ठरावानंतर सुरू झाल्या. तलाठ्याच्या दप्तरात, भूमी अभिलेखात, बँकेच्या पीककर्जाच्या अर्जात ग्रामदानी गावासाठी रकानाच नव्हता. कित्येक वर्षे न वापरलेला कायदा वापरायचा तर नमुने, शिक्के, अधिकारी सगळे नव्याने शोधावे लागतात. ग्रामसभेच्या गेल्या दशकातल्या शक्तीचा मोठा भाग या कागदांमागे गेला आहे.

गाव आज पन्नास वर्षांपूर्वीसारखे नाही. मुले धानोऱ्याला आणि गडचिरोलीला शिकतात, काही नागपूरला गेली. मोटारसायकली आहेत, मोबाइल आहेत. घोटुलात बसायला संध्याकाळ मोकळी असेलच असे नाही. ज्या पिढीने गार्डाला कोंबडी दिली ती म्हातारी झाली. ज्या पिढीने कधीच दिली नाही तिला टीपीच्या पुस्तकाची मातब्बरी कशी वाटावी? अभ्यास गटाचे विषय बदलावे लागणार आहेत. बांबूच्या तोडीबरोबर बांबूवर प्रक्रिया, निविदेबरोबर जीएसटी, वनकायद्याबरोबर खनिजांचा कायदाही, कारण जिल्ह्यात लोहखनिजाच्या खाणी वाढत आहेत आणि त्या बाबतीत ग्रामसभेच्या संमतीचा प्रश्न दररोज कुठेतरी उभा आहे. मोहनभाऊ जानेवारी २०२५ मध्ये गेले. अमक्यावाचून गाव चालणार नाही असे होऊ द्यायचे नाही, हाच त्यांच्या कामाचा सगळा आटापिटा होता.

मेंढ्यानंतर गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. देशात दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात क्वचितच इतके मिळाले असतील. अनेक ग्रामसभा तेंदूपाने आणि बांबू स्वतः विकतात, काहींनी मिळून महासंघ केले. काही ठिकाणी ठेकेदाराने अध्यक्ष-सचिवाला खिशात घातले, पैसे बुडवले, सभा कागदावर भरवल्या. यात नवल नाही. त्या गावांना हक्क आधी मिळाला आणि सभेची सवय नंतर लावायची आहे. मेंढ्यात क्रम उलटा होता. तेव्हा इतर गावांतून बघायला येणाऱ्यांना टीपीचे पुस्तक आणि बांबूचा डेपो दाखवण्याआधी एखाद्या लांबलेल्या, काहीच न ठरलेल्या बैठकीला बसवावे. तिथे एखादी म्हातारी, सगळ्यांचे एकमत होत आले असताना, मला हे पटले नाही असे म्हणते; सभा तो विषय पुढच्या वेळेसाठी ठेवते आणि वहीत तशी नोंद होते.